अठरा अंशांचं दुकान

पाचगणीच्या बाजारात चॉकलेट विकणं सोपं आहे, सांभाळणं अवघड. विकायला विशेष काही करावं लागत नाही. पसरणीचा घाट चढून आलेलं कुटुंब टेबललँडवर घोडा आणि फोटो उरकून खाली उतरतं, तेव्हा शेजारीपाजारी आणि ऑफिसात वाटायला काहीतरी न्यायचं असतंच. स्ट्रॉबेरी क्रशची बाटली, जॅमची बरणी, फुटाण्यांची पुडी, चिक्की, आणि सगळं घेऊन झाल्यावर पोरांनी हट्ट धरला म्हणून पाव किलो चॉकलेट, असा खरेदीचा क्रम ठरून गेला आहे.

सांभाळण्याची गोष्ट वेगळी. चॉकलेटला १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. हवा कोरडी लागते. शेजारच्या मसाल्याचा, उदबत्तीचा, फिनेलचा वास त्याला फार लवकर लागतो. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास वसलेल्या पाचगणीला सारा महाराष्ट्र थंड हवेचं ठिकाण म्हणतो, पण चॉकलेटच्या हिशेबाने हे गाव वर्षातले जेमतेम तीन महिने थंड असतं. मे महिन्यात दुपारचा पारा तिशीच्या वर जातो. जून ते सप्टेंबर धुकं गावात मुक्कामाला असतं, आणि धुकं म्हणजे हवेत तरंगणारं पाणीच. ऑक्टोबरात पुन्हा ऊन तापतं.

आता गर्दीचं वेळापत्रक पाहा. पहिली गर्दी दिवाळीच्या सुट्टीची, दुसरी नाताळ ते नवं वर्ष, तिसरी एप्रिल-मे, चौथी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारांची. या चार गर्द्यांपैकी मालाच्या सोयीची एकच, नाताळची. बाकीच्या तिन्ही वेळी गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि हवा वैर करत असते. गावातल्या लहान चॉकलेटवाल्याचा सगळा धंदा, त्याची कमाई, त्याच्या तडजोडी आणि त्याच्या मालाची चवसुद्धा, या न जुळणाऱ्या दोन वेळापत्रकांमधून घडते. थंड हवेच्या ठिकाणचं चॉकलेट 'तसलंच' का लागतं, या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

ज्या दुकानात हे सगळं वर्षभर पाहायला मिळालं, ते मुख्य रस्त्यापासून जरा आत आहे. पुढचा गाळा विक्रीचा, मागचा कारखान्याचा. चालवणाऱ्या बाईंना सारा बाजार 'वहिनी' म्हणतो. नाव छापायला त्यांनी नको म्हटलं. "इथले सगळे ओळखतात, तेवढं पुरे." नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात त्यांनी घरगुती चॉकलेटचा क्लास केला. त्या काळी असे क्लास पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली निघाले होते. डबल बॉयलर, प्लॅस्टिकचे साचे, रंगीत चमकी कागद आणि तयार लाद्या एवढ्या भांडवलावर शेकडो बायकांनी घरातून धंदा उभा केला. वहिनींनीही आधी ओळखीच्या बंगलेवाल्यांना डबे पोचवले, मग दुकान घेतलं.

गावाला गोडाचा धंदा नवा नव्हता. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वर वसवलं, पुढे १८६० च्या दशकात जॉन चेसनने पाचगणी आकाराला आणली. सेंट पीटर्स, किमिन्स, बिलिमोरिया, संजीवन अशा निवासी शाळा आल्या. साहेबांनी आणलेली स्ट्रॉबेरी इथल्या लाल मातीत रुजली, आणि १९५९ साली किशोर व्होरा यांनी पाचगणीत सुरू केलेल्या मॅप्रोने जॅम-सरबताला बाजार मिळवून दिला. फळ टिकवून विकायचं कसब या गावाला माहीत होतं. चॉकलेट मात्र फळासारखं टिकवून भागत नाही. ते बनवल्यापासून खाल्लं जाईपर्यंत राखावं लागतं.

पाचवा स्फटिक

जानेवारीत पहाटे साडेपाचला मागच्या गाळ्यात काम सुरू होतं. बाहेर १२-१३ अंश, आत हीटर नाही. गोडवलीहून येणाऱ्या मावशी डोक्याला रुमाल बांधून संगमरवरी ओटा कोरड्या फडक्याने तीनदा पुसतात. ओला हात लावायची परवानगी कुणालाच नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब गेले तरी त्यातली साखर पाणी धरते आणि अख्खं पातेलं घट्ट, रवाळ गोळा होऊन बसतं.

डार्क चॉकलेटच्या लाद्या ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवल्या जातात. मग त्यातलं दोन-तृतीयांश ओट्यावर ओतून रुंद पात्याने पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. २७-२८ अंशांवर ते दाटायला लागतं. लगेच उरलेल्या गरम भागात मिसळून ३१-३२ वर आणायचं. दुधाच्या चॉकलेटला हाच आकडा दोनेक अंशांनी खाली. या उपद्व्यापाला टेंपरिंग म्हणतात, आणि खऱ्या चॉकलेटचं निम्मं शास्त्र त्यात आहे.

कारण असं, की कोको बटर थंड होताना सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकतं. पहिले चार प्रकार मऊ, फिकट, हातात घेताच चिकट होणारे. पाचव्या प्रकारच्या स्फटिकांनी चॉकलेटला चकाकी येते, मोडताना 'टक्' असा आवाज येतो, आणि ते ३३-३४ अंशांना वितळतं. म्हणजे खोलीत घट्ट राहतं आणि जिभेवर विरघळतं. चौथ्या प्रकारचे स्फटिक मोडतील आणि पाचव्या प्रकारचे टिकतील एवढ्याच अरुंद पट्टीत सगळा खेळ. घाईच्या दिवशी वहिनी ओट्याऐवजी दुसरी रीत वापरतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये आधीच्या घाण्यातलं चांगलं जमलेलं चॉकलेट बारीक किसून टाकतात आणि ढवळत निववतात. दुधाला विरजण लावावं तसं ते जुनं चॉकलेट नव्याला आपली घडण देतं.

जमलं की नाही हे बघायला यंत्र नाही. सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवायचं. चारेक मिनिटांत ते चकचकीत सुकलं तर साचे भरायचे. पट्टे दिसले किंवा बोटाला चिकटलं तर सगळं परत पातेल्यात. मावशी सुरीकडे न बघता काम करत राहतात, पण साचा घेण्याआधी नजर तिकडे गेल्याशिवाय राहत नाही. साचे नीट जमलेले असतील तर चॉकलेट थंड होताना किंचित आकसतं आणि साचा उलटा करून टेकवला की वड्या आपोआप सुटतात. न सुटलेल्या साच्यांची एक वेगळी थप्पी असते. ती संध्याकाळी पुन्हा वितळते.

आता या सगळ्याला दुसरा रस्ता आहे, तो म्हणजे कंपाउंड. कोको बटर काढून त्याजागी वनस्पती चरबी, बहुधा पामच्या गराची, आणि कोको पावडर. कंपाउंडला टेंपरिंग लागत नाही. वितळवा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा, काढा. चरबी निवडून त्याचा वितळबिंदू हवा तसा वर नेता येतो, म्हणून ते उन्हातही तग धरतं. किंमत कोको बटरवाल्याच्या कितीतरी खाली. तोंडात मात्र टाळूवर एक मेणचट थर राहतो. थंड हवेच्या ठिकाणी 'होममेड' म्हणून काचेच्या कपाटात दिसणारा बहुतेक माल कंपाउंडचा असतो. घरी फक्त वितळवणं आणि ओतणं झालेलं असतं. क्लासमध्ये वहिनींना शिकवलेलंही तेच होतं. टेंपरिंग त्यांना कितीतरी वर्षांनी, मुलीने आणलेल्या पुस्तकातून आणि बऱ्याच वाया गेलेल्या लाद्यांमधून आलं.

दिवाळीचा डबा

मिठाईच्या दुकानाची दिवाळी धनत्रयोदशीला ऐन रंगात असते. चॉकलेटवाल्याची दिवाळी मात्र दोन टप्प्यांत येते. आधी डब्यांच्या ऑर्डरी: वाईतली पतपेढी, साताऱ्यातला एखादा कारखाना, गावातली हॉटेलं. मग पाडवा-भाऊबीज आटोपून निघालेल्या पर्यटकांची सुटी विक्री. पहिल्या टप्प्यात घासाघीस, दुसऱ्यात धावपळ.

दिवाळीत चॉकलेट देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. तिला जाहिरातींनी बळ दिलं, आणि त्या जाहिरातींच्या मागे महाराष्ट्रातच घडलेलं एक प्रकरण होतं. २००३ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या काही वड्यांत किडे आढळले आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीने दुकानांतल्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. विक्री घसरली. पुढच्या वर्षी नवं, जास्त घट्ट बंद केलेलं वेष्टन आलं, अमिताभ बच्चन जाहिरातीत आले, आणि 'कुछ मीठा हो जाए'ने चॉकलेटला पेढ्याशेजारी नेऊन बसवलं. वहिनींचा धंदा तेव्हा कोवळा होता. "दोष कारखान्याचा की दुकानाचा, हा वाद पेपरात चालला होता. मला एवढंच कळलं, की गिऱ्हाईक कारखान्यात जाऊन भांडत नाही. माझ्याच दारात येणार." त्या वर्षी त्यांनी सुका मेवा हवाबंद डब्यात ठेवायला सुरुवात केली. बदाम-काजू आजही आधी मंद आचेवर भाजून, पूर्ण निववूनच चॉकलेटमध्ये पडतात. भाजल्याने चव तर येतेच, शिवाय ओल आणि कीड दोन्ही जातात.

दिवाळीच्या डब्याला दोन बाजूंनी कात्री लागली होती. एक बाजू कराची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा चॉकलेट २८ टक्क्यांत गेलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात १८ वर आलं आणि पुढे आठ वर्षं तिथेच राहिलं. शेजारच्या पेढे-बर्फीवर सगळा वेळ पाच टक्के. गिऱ्हाईक डबा उचलून किंमत विचारत होतं आणि तेवढ्याच पैशांत मिठाईचा मोठा डबा मिळतो म्हणून खाली ठेवत होतं.

दुसरी बाजू घानाची आणि आयव्हरी कोस्टची. जगातला निम्म्याहून जास्त कोको या दोन देशांतून येतो. तिथे पाऊस बिघडला, शेंगा काळ्या पाडणारी बुरशी पसरली, झाडं सुजवून मारणारा विषाणू पसरला, बागा म्हाताऱ्या झाल्या. २०२३ च्या सुरुवातीला टनामागे अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको २०२४ च्या डिसेंबरात १२ हजारांच्या वर गेला. पाचगणीच्या मागच्या गाळ्यात हे संकट ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलातून पोचलं. पुरवठादार दर पंधरवड्याला नवा भाव सांगायचा आणि जुन्या भावाची ऑर्डर मानायचा नाही. कोको बटर महागल्याने खरं चॉकलेट आणि कंपाउंड यांच्यातली दरी आणखी रुंदावली. जी दुकानं खऱ्याकडे वळायच्या विचारात होती, ती थांबली.

थंडीतले चांगले महिने

डिसेंबरच्या मध्यापासून हवा आणि गिऱ्हाईक यांचं एकदाचं सूत जमतं. दुकानाचा एसी बंद राहतो. साचे पंख्याखाली जमतात. आणि स्ट्रॉबेरी येते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के पिकते असं सांगितलं जातं. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. भिलार, खिंगर, राजपुरी, भोसे इथल्या वावरांत पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं लागतात आणि नोव्हेंबरअखेरीपासून फळ सुरू होतं. भिलारला आता पुस्तकांचं गाव म्हणून बाहेरचे लोक जातात. वहिनींचा फळवाला त्याच गावचा. तो सकाळी सातला पाटी घेऊन येतो, आणि इथे वाद होतो. बाजाराला मोठं, पिकलेलं, लालभडक फळ हवं असतं. चॉकलेटमध्ये बुडवायला मध्यम आकाराचं, देठ हिरवंगार असलेलं, जरा करकरीत फळ लागतं. फार पिकलेल्याला पाणी सुटतं.

धुतलेलं फळ कापडावर पसरून तासभर वाऱ्याला ठेवतात, मग एकेक टिपून घेतात. देठाला धरून बुडवायचं, एक गिरकी देऊन वर काढायचं, जादा ओघळ काठाला पुसायचा आणि कागदावर आडवं ठेवायचं. मावशींच्या हातचं फळ खाली सपाट पाय न सोडता जमतं. नवीन पोरीच्या हातचं साचलेल्या चॉकलेटच्या थारोळ्यात बसतं. असं फळ त्याच दिवशी संपवावं लागतं. दुसऱ्या दिवशी आतून पाणी सुटून कवच सुटायला लागतं. म्हणून सकाळी किती बुडवायची याचा अंदाज म्हणजे रोजचा जुगार. वहिनी आदल्या संध्याकाळी हॉटेलांच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजून तो लावतात. फेब्रुवारीच्या १४ तारखेला मोजत नाहीत.

याच काळात निवासी शाळांची पोरं येतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली, रांगेत, ठरलेल्या वेळात आणि ठरलेल्या पैशांत. त्यांच्याइतकं चिकित्सक गिऱ्हाईक दुसरं नाही. "काकू, हे मागच्या वेळचं नाहीये," असं ती तोंडावर सांगतात. वर्षभर इथेच राहणारी असल्याने त्यांच्या जिभेवर बारा महिन्यांचा हिशेब असतो. कंपाउंड आणि कोको बटर यांतला फरक वहिनींच्या दुकानात सर्वांत आधी या पोरांनीच पकडला. सहलीच्या बसमधून उतरणारी पोरं वेगळी. त्यांच्या मुठीत दहा-वीसच्या नोटा असतात आणि काडीवरचं सशाचं किंवा बाहुलीचं चॉकलेट हवं असतं. ते कंपाउंडचंच असतं. सातारा-सांगलीच्या बसमध्ये तासन् तास मुठीत धरून ठेवायला दुसरं काही चालणार नाही.

डिकीत ठेवू नका

एप्रिलच्या सुट्ट्या लागल्या की गल्ला भरतो आणि मालाचे हाल सुरू होतात. पुढच्या गाळ्यात एसी अठरावर लावलेला असतो, पण दर मिनिटाला कुणीतरी दार उघडतं आणि अर्धवट उघडं ठेवून बाहेरच्यांना हाका मारतं. "दार लावा" ही पाटी मराठी, हिंदी, गुजराती अशी तिन्ही भाषांत आहे. एसीचं बिल या दोन महिन्यांत दुकानाच्या भाड्याशी स्पर्धा करतं. संध्याकाळी वळवाचं वादळ आलं की वीज जाते. तेव्हाचा नियम एकच: गिऱ्हाईक बाहेर, दार बंद, कपाटावर जाड चादर. आत कोंडलेला गारवा दोनेक तास पुरतो.

खरी अडचण विक्रीनंतरची आहे. पाचगणीत तिशीतला पारा वाईला उतरेपर्यंत चाळिशीकडे झुकतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीचं तर विचारायलाच नको. त्यामुळे बिल देताना तेच वाक्य दिवसातून शेकडो वेळा: "डिकीत ठेवू नका हं. पुढे पायाशी ठेवा, एसीच्या झोतात." लोक मान हलवतात आणि बाहेर जाऊन डिकी उघडतात.

मग दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. वड्यांवर राखाडी-पांढरे पट्टे. खाली लिहिलेलं, "बुरशी आलेला माल दिलात." ती बुरशी नसते. वितळलेलं चॉकलेट गाडीत किंवा घरच्या फ्रिजमध्ये आपापलं गोठतं तेव्हा पाचव्या प्रकारचे स्फटिक कुणी जमवलेले नसतात. कोको बटर वर येऊन पृष्ठभागावर जमतं. खायला ते निर्धोक असतं, फक्त चकाकी आणि कुरकुरीतपणा गेलेला असतो. वहिनी फोनवर एक परीक्षा सांगतात. पांढऱ्या जागी बोट घासा. गुळगुळीत लागून डाग नाहीसा होत असेल तर ती चरबी, म्हणजे उष्णतेचा प्रताप. खरखरीत लागून तसाच राहत असेल तर ती साखर, म्हणजे ओलाव्याचा. मेच्या तक्रारी पहिल्या प्रकारच्या, जुलैच्या दुसऱ्या. कंपाउंडच्या वड्यांबद्दल असा फोन क्वचितच येतो.

चांगल्या मालाला शिक्षा आणि हलक्या मालाला बक्षीस, असा हा व्यवहार आहे. ज्या दुकानदाराने जास्त पैसे घालून, पहाटे उठून खरं चॉकलेट जमवलं, त्याच्याच मालाचा फोटो परत येतो. म्हणून मे महिन्यात वहिनींच्या दुकानातलं खरं चॉकलेट काचेच्या फ्रिजमध्ये एका खणात बसतं, तेही थर्माकोलच्या डब्यासह घेणार असाल तरच. बाहेरची कपाटं कंपाउंडच्या अक्रोड-बदामाच्या वड्यांनी आणि फजने भरतात. फजमध्ये साखर, लोणी, दूध शिजवलेलं असतं, त्याला उन्हाची एवढी धास्ती नाही. बाजारातल्या कितीतरी दुकानांनी या एका महिन्यासाठी बारा महिने कंपाउंड पत्करलं आहे. दोन प्रकारचा माल, दोन भाव, दोन सूचना गर्दीत कोण सांभाळणार?

२०२० आणि २०२१ चे मे महिने तर आलेच नाहीत. टाळेबंदीत एप्रिलसाठी भरलेल्या लाद्या तशाच राहिल्या, पर्यटक नाही आणि वसतिगृहंही रिकामी. खाणारं कुणी नसताना एसी चालू ठेवायचा की बंद करायचा, हा प्रश्न तेव्हा या दुकानात खरोखर विचारला गेला. चालू ठेवला. लाद्यांची किंमत बिलापेक्षा जास्त होती.

धुक्याची वखार

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैत तर २४ तासांत ५९४ मिलिमीटर कोसळला आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस याच्या निम्म्याहून कमी, पण धुकं तितकंच. दुकानांना जूनच्या आधी ताडपत्रीची आणि प्लॅस्टिकची झड बांधली जाते. भिंती घाम गाळतात, खोक्यांचे पुठ्ठे मऊ पडतात, लेबलांचा डिंक सुटतो.

उन्हाळ्यात चॉकलेट गार ठेवावं लागतं, पावसाळ्यात कोरडं, आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड. गार हवेतून थेट ओलसर हवेत आलेल्या वडीवर दव धरतं. दवात पृष्ठभागावरची साखर विरघळते, पाणी उडून जातं आणि साखरेचा खरखरीत पांढरा थर मागे राहतो. म्हणून मागच्या गाळ्यातून पुढे येणारा प्रत्येक ट्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत तासभर तसाच ठेवला जातो. हवेतली ओल शोषणारं यंत्र कोपऱ्यात घरघरत असतं. त्याची पाण्याची टाकी मावशी सकाळ-संध्याकाळ ओततात. एवढं पाणी कुठून आलं म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी नळ तपासला होता.

सोमवार ते गुरुवार बाजार ओस असतो. शुक्रवारी रात्रीपासून घाटात दिव्यांची रांग लागते. धबधबे बघून, ओल्याचिंब होऊन आलेल्या लोकांना गरम काहीतरी हवं असतं. म्हणून दुकानात मक्याच्या कणसाशी टक्कर देणारं हॉट चॉकलेट सुरू झालं. दूध, कोको, आणि न सुटलेल्या साच्यांचं उरलंसुरलं चॉकलेट. पावसाळ्यात सर्वांत जास्त नफा याच पेल्यात आहे, कारण इथे ना साठवण, ना चकाकी, ना तक्रार. आणि याच पेल्यात गिऱ्हाईकाला खऱ्या चॉकलेटची चव कळते. वडी घेताना भाव करणारा माणूस पेला पिऊन झाल्यावर "हेच घट्ट मिळेल का?" असं विचारतो.

श्रावण-भाद्रपदात गाव स्वतःसाठी खरेदी करतं. राखीला छोटे डबे, गणपतीत चॉकलेटचे मोदक. उकडीच्या मोदकाला धक्का न लावता आरतीनंतरच्या प्रसादाच्या ताटात ते येऊन बसले आहेत. मोदकाचा साचा तोच पेढ्यांच्या मोदकांचा. आणि गणपती उठले की वहिनी वही काढतात.

वहीतले रकाने

ही वही म्हणजे दुकानाचं पंचांग. प्रत्येक महिन्यासमोर दोन रकाने: खरं आणि कंपाउंड. त्यात लाद्यांचा आकडा. दिवाळीचा माल सप्टेंबरातच ठरवावा लागतो, कारण पुढे पुण्याचे पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकांत अडकतात. म्हणजे धुक्यात बसून ऑक्टोबरच्या उन्हाचा आणि पर्यटकांच्या खिशाचा अंदाज करायचा.

२०२५ साली अंदाज बदलायला कारण मिळालं. कोकोचा भाव वर्षभरात उतरत निम्म्याच्या आसपास आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून, ऐन घटस्थापनेला, चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. लाद्यांवरचाही. मिठाई आणि चॉकलेट जीएसटीत पहिल्यांदाच एका पायरीवर बसली. वहिनींनी दिवाळीच्या डब्यांतलं खऱ्याचं प्रमाण वाढवलं आणि दोन्ही प्रकारांवर ठळक अक्षरांत लिहायला सुरुवात केली: यात कोको बटर आहे, यात वनस्पती चरबी. शेजारच्या दुकानदाराने हसून विचारलं, "स्वतःच्याच मालाला नावं ठेवताय होय?" वहिनींचं म्हणणं वेगळं आहे. नावं ठेवायची नाहीत, नाव सांगायचं. उन्हात नेणाऱ्याला कंपाउंड देणं ही फसवणूक नाही. न सांगता देणं ही आहे.

मला ही भूमिका पटते. थंड हवेच्या ठिकाणच्या चॉकलेटला नाक मुरडणं सोपं आहे. मैसूर, कोची, हैदराबाद इथे आता भारतीय कोकोच्या बियांपासून वडीपर्यंत सगळं स्वतः करणारे कारागीर आहेत. त्यांच्या महागड्या वड्या शहरातल्या एसी दुकानातून एसी गाडीत आणि तिथून एसी घरात जातात. पाचगणीच्या दुकानदाराला ती साखळी नाही. त्याच्या दारापासून गिऱ्हाईकाच्या घरापर्यंत पसरणीचा घाट, खंबाटकी आणि एक बंद डिकी आहे. त्याचा माल त्या रस्त्याने ठरवलेला आहे. दुकानदार बदलावा असं वाटत असेल तर आधी गिऱ्हाईकाने दोन गोष्टी कराव्यात. वेष्टन उलटून घटक वाचावेत, आणि पिशवी पायाशी ठेवावी.

वहीत जानेवारीसमोर या वेळी खऱ्याचा आकडा पहिल्यांदाच कंपाउंडपेक्षा मोठा आहे. फेब्रुवारीत दोन्ही जवळजवळ सारखे. मेसमोरचा आकडा वहिनींनी बदललेला नाही, आणि बदलायचा त्यांचा विचारही नाही. थर्माकोलच्या डब्यांची ऑर्डर मात्र दुप्पट केली आहे.